मोरचुदाचा श्रावण

सकाळी परसात चुन्याचे खडे पाण्यात टाकले आणि ते फसफसून उकळायला लागले. बाहेर झड लागलेली. आमच्या भंडाऱ्याकडची श्रावणझड म्हणजे धो धो कोसळणारा पाऊस नव्हे. ती एक संथ, न थकणारी रिपरिप असते. दोरीवरच्या लुगड्यांपासून चुलीतल्या काड्यांपर्यंत सगळं ती ओलं करून सोडते. त्या ओलीत चुन्याची गरम, तिखट वाफ नाकाशी आली आणि मी विळा घासायचं विसरून पायरीवर बसून राहिले. आसगावातला माझा पहिला पावसाळा मला आठवत होता.

आणीबाणी उठून दोन-तीन पावसाळे झाले असतील. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. माझं माहेर नरखेडकडचं, संत्र्यांच्या मुलखातलं. तिकडची जमीन काळी, भेगाळणारी, आणि पाण्याची नेहमी ओढ. इथे आले तर जिकडे पाहावं तिकडे पाणीच. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या भरलेल्या, बांध्यांपलीकडे तळं, तळ्यापलीकडे परत बांध्या. रोवणा सुरू झाला की बायांची रांग चिखलात वाकून गाणी म्हणत मागे मागे सरकायची आणि त्यांच्यासमोर हिरवं शेत उगवत जायचं. मला ते बघताना वाटायचं, इथल्या माणसांना तहान कशी ती ठाऊकच नसेल.

सासरी धान होताच, पण घराची ओळख होती ती पानमळ्याची. तळ्याच्या खालच्या अंगाला, थोड्या उंचवट्यावर, शेवग्या-पांगाऱ्याच्या दाट सावलीत आमच्या कपुरी पानाच्या वेली उभ्या होत्या. हा मळा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी स्वतः लावलेला. तळ्याचा गाळ डोक्यावरून वाहून त्यांनी ती जमीन उंच केली होती. मामाजी उंच, सडसडीत, फार कमी बोलणारे. मळ्यात शिरण्याआधी ते आंघोळ करत आणि वहाणा कुंपणाबाहेर काढत. देवघरात जाताना इतकी शिस्त मी कोणाची पाहिली नव्हती.

आणि बाईमाणसानं मळ्यात पाऊल टाकायचं नाही, हाही त्याच शिस्तीचा भाग.

"नागवेल हाये ते, पोरी," आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "बाईची सावली पडली का वेल रुसते. आपलं काम घरी. पानं निवडाचे, जुड्या बांधाचे, ओल्या फडक्यात ठेवाचे."

"तुम्ही कधीच नाही गेल्या?" मी विचारलं.

"मी?" त्या हसल्या. "मी तं कुंपणापासूनच पाह्यते. भाकर देते आन् येते."

पण जिची बोटं जन्मभर त्या पानांवरून फिरली, तिनं ती वेलीवर लागलेली कधी पाहिली नव्हती, हे काही माझ्या मनातून गेलं नाही.

रोग मला पहिल्यांदा दिसला तो घरातच. ओसरीत आम्ही दोघी पानं निवडत होतो. कपुरी पान हातात घेतलं की त्याला एक तजेला असतो, बोटानं पुसलं तर कुरकुरतं. त्या दिवशीच्या टोपलीतली काही पानं मात्र मऊ होती. हिरवी होती, पण त्यांच्यातली चमक कोणी काढून घेतल्यासारखी. मी एक पान उजेडाकडे धरलं.

"आत्याबाई, हे पान थकल्यासारखं नाही वाटत?"

त्यांनी पान घेतलं, हुंगलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मर लागली वाट्टे," त्या हळूच म्हणाल्या.

मर. त्या शब्दाची धास्ती मला नंतर कळली. आधीच्या पावसाळ्यांत तळ्याच्या पलीकडचे दोन मळे या मरीनं बसवले होते. जमिनीलगतचं खोड काळं पडतं, मऊ होतं, बोटानं दाबलं तर साल सुटून येते आणि सडक्या मासळीसारखा वास सुटतो. खाली मुळांचा चिखल झालेला असतो, आणि वर पान मात्र दोन दिवस काहीच न घडल्यासारखं हिरवं राहतं. मग एकदम पिवळं पडून मान टाकतं. आपल्याला कळतं तेव्हा वेल आधीच गेलेली असते.

मामाजींनी जे माहीत होतं ते सगळं केलं. मेलेल्या वेली उपटल्या, मुळाशी नवी माती दिली, ताक ओतलं, नारळ फोडला. पण मर एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकतच राहिली. ते संध्याकाळी घरी येत, पाय धुत आणि भिंतीला टेकून बसत. आत्याबाई ताट ठेवायच्या आणि ताट तसंच उचलून न्यायच्या. एकदा मी पाणी द्यायला गेले तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मुळापासूनच जाऊन राहिलं, पोरी. वरून काय करू?"

मूळ हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. कारण मुळाची आणि बुंध्याची कूज मी बघितली होती. माझ्या वडिलांच्या बागेतली संत्र्याची झाडं पावसाळ्यात बुंध्याशी सडत, सालीतून डिंक गाळत. आणि दर पावसाळ्याआधी आमच्याकडे मोरचूद आणि चुना कालवून बुंध्यांना निळसर लेप दिला जायचा, पातळ करून आळ्यात ओतला जायचा. बोर्डो म्हणत त्याला. तो कालवायचं काम आम्हा बहिणींचं. आमची सगळी बाग कमरेपर्यंत निळी पांढरी दिसायची, शाळेचा गणवेश घातल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मी ह्यांना ते सांगितलं. ह्यांच्या हातातला दोर थांबला.

"मोरचूद? अवं, ते तं जहर हाये."

"हो. पण मुळाशी ओतायचं. पानावर नाही."

"बाबाले कोण सांगन?"

"तुम्ही."

ह्यांनी सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. मामाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "लोकं आपलं पान तोंडात घालतेत, यशवंता. देवाच्या समोर ठेवतेत. त्याच्या मुळाशी मी जहर घालू?"

आज औषधांच्या रंगीत पुड्यांनी दुकानं भरलेली दिसतात आणि कोणीही कशावरही काहीही फवारतं, तेव्हा मला मामाजींचा तो प्रश्न आठवतो. तो मागासलेल्या माणसाचा प्रश्न नव्हता. औषध हातात घेण्याआधी प्रत्येकानं विचारावा असाच होता.

झड चालूच होती. आणखी एक ओळ पिवळी पडली. मग एका दुपारी मी चुलीपाशी असताना मामाजी आत आले, जे ते कधी करत नसत, आणि उंबऱ्यावरच बसले.

"तुह्या बापाच्या संत्र्याले जे लावत होते, ते खाल्ल्यानं कोनाले काही झालं का?"

"नाही मामाजी. आम्हीच खात होतो ती संत्री. बुंध्याला औषध लावायचं, आणि लावल्यावर बरेच दिवस फळ तोडायचं नाही. मोरचूद एकट्यानं जाळतो. चुना घातला की त्याचा जाळ मरतो."

"चुना?"

"जेवढा मोरचूद तेवढाच चुना. आणि पाणी शंभरपट."

मामाजींनी कमरेची पानाची चंची काढली, तिच्यातली चुन्याची डबी उघडून पाहिली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

"चुना तं पानाचा सोबतीच हाये," ते म्हणाले. "त्याच्या हातानं येत असन तं येऊ दे."

ह्यांनी पवनीहून मोरचूद आणला. ओल्या पोत्यातून काढलेले ते खडे आत्याबाईंनी परातीत ओतले आणि अंधारलेल्या ओसरीत एकदम मोराच्या मानेचा रंग उजळला. आत्याबाई कौतुकानं हात लावायला गेल्या, तेव्हा मी जवळजवळ ओरडले. सुनेनं सासूवर आवाज चढवलेला तो पहिलाच प्रसंग. त्या हात मागे घेऊन हसायला लागल्या.

पहिलं कालवण मात्र फसलं. मी घरकामात असताना ह्यांनी उत्साहाच्या भरात मळ्याजवळच मोरचूद लोखंडी बादलीत भिजवला आणि अंदाजानं चुना टाकून बादली घरी आणली, दाखवायला. बादलीच्या आतल्या कडेला तांबूस थर चढला होता. मी विळा घासून चकचकीत केला, त्या पाण्यात बुडवून थोडा वेळ धरला आणि वर काढला. पातं तांब्यासारखं लाल.

"हे ओतायचं नाही," मी म्हटलं. "मोरचूद उरलाय यात. उरलेल्या वेलीही जळतील."

"एवढं सगळं फेकाचं?" ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"खड्डा करून दूर पुरायचं. तळ्यात नाही."

मामाजी पुढे आले. त्यांनी विळा हातात घेऊन त्या लाल पात्यावर नजर फिरवली. "म्हणजे परत्येक वक्ती असा विळा बुडवून पाहा लागते?"

"हो. आणि लोखंडी भांड्यात नाही, मातीच्याच. कालवलं की त्याच दिवशी संपवायचं. शिळं झालं की कामाचं नाही."

घर ते मळा म्हणजे निसरड्या बांधांचा लांब रस्ता. घरी कालवून नेलं तर अर्धं हिंदकळून जाणार. कालवायचं ते मळ्यातच, आणि कालवायला मी हवी. हे सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं. मामाजी विळ्याकडे बघत होते. हे माझ्याकडे. मी जमिनीकडे.

मग आत्याबाई उठल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"चाल, पोरी," त्या म्हणाल्या. "वेल रुसन म्हणत होती मी. आता तं मरूनच राहिली. याच्याहून जास्त काय रुसन ते? आंग धुवून चाल. मी भी येते."

मामाजींनी दोन मातीचे माठ उचलून कावडीत ठेवले आणि पुढे निघाले. होकार द्यायची त्यांची हीच रीत.

कुंपणापाशी आम्ही वहाणा काढल्या. आत्याबाई तिथे क्षणभर थांबल्या, भाकरीची शिदोरी ठेवायच्या नेहमीच्या जागेवर. मग त्यांनी वाकून माती कपाळाला लावली आणि आत पाऊल टाकलं. आतली हिरवी, थंड सावली, उंच गेलेल्या वेली, एकावर एक पानांची पालवलेली भिंत. त्या मान वर करून गोल फिरल्या. तोंडातून एवढंच निघालं, "अरे बापा! एवढं मोठं हाये!" आणि डोळ्यांतून घळघळ पाणी. मामाजी त्यांच्याकडे पाठ करून माठ मांडत राहिले, पण त्यांचे हात मध्येच थांबलेले मी पाहिले.

आम्ही कामाला लागलो. पांढऱ्या कापडाच्या पुरचुंडीत मोरचूद बांधून एका माठाच्या तोंडाशी लोंबता ठेवला; त्यातून निळे धागे पाण्यात उतरू लागले. दुसऱ्या माठात गाळलेला चुना. तिसरी मातीची नांद रिकामी. दोन्ही माठ दोघांनी दोन बाजूंनी उचलायचे आणि नांदेत एकदम ओतायचे. मी काठीनं ढवळत राहायचं. बघता बघता नांदेत दाट, आभाळी रंगाचं दूध तयार झालं. विळा बुडवला. वर काढला. पातं पांढरं स्वच्छ.

"झालं," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

ह्यांनी आधीच शेजारच्या बांधीकडून पाझरणारं पाणी तोडायला चर खणला होता. धानाला पायाशी पाणी लागतं. पानवेलीला ओल हवी, पण थांबलेलं पाणी तिचा जीव घेतं. मेलेल्या वेली मुळांसकट काढून बाहेर जाळायला नेल्या. राहिलेल्या प्रत्येक वेलीच्या बुडाची माती हातानं हलकी करायची, लोट्यानं निळं पाणी सावकाश ओतायचं, ते जिरेपर्यंत थांबायचं, पुढे सरकायचं. आमचे हात कोपरापर्यंत निळे झाले. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. त्या दिवशी आमच्याकडे जमीन उकरत नाहीत, काही कापत-चिरत नाहीत. म्हणून शेवटची ओळ दिवस मावळायच्या आत संपवायचीच होती.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून आवाज आला. शेजारच्या मळ्याचे सदाशिवभाऊ, छत्री घेऊन उभे.

"काय करून राहिले, दादा? बाया आत घातल्या! आन् वरून जहर! नागवेलीची लाज ठेवा थोडी. आता तुमच्या मळ्याचं पान या गावात कोण खाईन?"

मामाजी वाकलेले होते ते सरळ झाले. निळे हात त्यांनी लपवले नाहीत.

"मी खाईन, सदाशिव," ते म्हणाले. "सगळ्याइच्या समोर, सगळ्याइच्या आधी मीच खाईन. पान झालं नाही तं या जागी धान लावीन. पण हात बांधून मरू देनार नाही."

सदाशिवभाऊ निघून गेले. आम्ही शेवटची ओळ पुरी केली.

नंतरचे दिवस फार कठीण गेले. पान तोडायचं नाही, विकायचं नाही, फक्त बघायचं. औषधानंतरही काही वेली पिवळ्या पडल्या. गावात विहिरीवर मी आले की बोलणं थांबायचं. नरखेडवाली, निळ्या हातांची. एकदा मी आत्याबाईंना म्हटलं, "माझ्यामुळे मळा गेला तर?" त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "तुह्याच्यानं जाईन कसा? तू येयाच्या आधीच जाऊन राहिला होता. गेला तं आपला सगळ्याइचा गेला. राह्यला तं सांगू का तुह्याच्यानं राह्यला." आजवर मला मिळालेलं सर्वांत मोठं पाठबळ ते, सुपाच्या तालावर मिळालेलं.

पोळ्याच्या आधी आम्ही परत एकदा औषध दिलं. आणि पोळा झाल्यावर एका उघडलेल्या सकाळी मामाजी मळ्यातून धावत घरी आले. म्हाताऱ्या माणसाला चिखलातून धावताना मी प्रथमच पाहत होते.

"चाला! दोघी भी चाला!"

मळ्यात त्यांनी आम्हाला एका वेलीपाशी बसवलं, जी आजारी ओळीच्या अगदी लागून होती. बोटांनी, नवजात वासराच्या अंगावरून फिरवावीत तशा हलक्या बोटांनी, त्यांनी माती बाजूला केली. काळवंडलेल्या जुन्या मुळाच्या कुशीतून कोवळी पांढरी मुळं फुटली होती. दोऱ्यासारखी, ओली, जिवंत. वर शेंड्याला तांबूस-पोपटी नवी पालवी. मर त्या ओळीशी येऊन थांबली होती. पूर्वेकडचा कोपरा गेला तो गेलाच, पण बाकी अख्खा मळा उभा होता.

मामाजींनी ती माती परत झाकली, उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवला. निळे डाग त्यांच्या नखांतून अजून गेले नव्हते.

दसऱ्याला आमच्या मळ्याची पहिली तोडणी झाली. पानं वाहत्या पाण्यात धुऊन, पुसून, नेहमीपेक्षा दुप्पट काळजीनं आम्ही निवडली. मारुतीच्या पारावर सोनं वाटायला गाव जमलं होतं. मामाजींनी आपल्या मळ्याची जुडी सोडली, एक पान घेतलं, चुना लावला, सुपारी ठेवली, तोंडात घातलं आणि सावकाश चावू लागले. त्यांनी पिंक टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "गोड हाये!" कोणीतरी हसलं. मग एक हात पुढे आला, मग दुसरा. जुडी संपली.

हातांच्या त्या गर्दीत सदाशिवभाऊंचा हात नव्हता. पण पुढच्या श्रावणात त्यांच्या मळ्याला मर लागली, तेव्हा ते आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन उभे राहिले. मामाजी घरी होते, हे होते, पण सदाशिवभाऊ त्यांच्याकडे वळले नाहीत. छत्री मिटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "माह्या मळ्यात येता का? विळा बुडवून पाहाले?"

मी मामाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुले विचारून राहिले ते. मले कायले पाह्यते?"

आम्ही दोघी गेलो. आत्याबाई पुढे, डोक्यावर माठ, आणि चाल अशी की वाटेवरच्या रोवणाऱ्या बायाही गाणं थांबवून बघत राहिल्या. सदाशिवभाऊंच्या कुंपणाबाहेर त्यांची बायको, कौसल्याबाई, भरल्या पावसात उभी होती, आतल्या माणसांसाठी पाण्याचा तांब्या धरून. पदरातून पाणी निथळत होतं. आत्याबाईंनी वहाणा काढल्या, माठ सावरला आणि वळून तिचा हात धरला.

"भाईर कायले उभी हायेस व कौसल्या?" त्या म्हणाल्या. "ये ना आत. तुहाच मळा हाये."